स्थान आणि लीळा

मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गासाठी अकोल्याला राहते. आम्ही दोघे अमरावतीला मराठी शिकवितो. तिचा भ्रमणध्वनी आमच्या पडद्यावर ठिपका होऊन वावरतो. तिची गाडी बडनेऱ्याहून सुटली, की तो मूर्तिजापूरकडे सरकू लागतो आणि आमच्या जिवात जीव येतो. बंदिस्त इमारतीत उपग्रहाचा संकेत क्षीण होतो. मग ठिपका भलत्याच गल्लीत जाऊन बसतो, अन् आमची झोप उडते. ती रात्रभर रडली त्या दिवशी मात्र तो वसतिगृहावर अगदी अचूक होता.

महानुभावांच्या वाङ्मयात हा भेद स्पष्ट आहे. चक्रधरस्वामी कोठे राहिले, ते 'स्थानपोथी'त. तेथे काय घडले, काय बोलले, ते 'लीळाचरित्रा'त. (रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून हे सुचले.) लीळा म्हाइंभटांनी माणसांकडे हिंडून, विचारून गोळा केल्या.

2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही; तेव्हा मर्यादा आमची आम्हीच आखायची. मुलगी मार्चमध्ये अठराची होईल. तिने अट घातली आहे : ठिपका राहू द्या, पण तुम्हा दोघांचेही मला दिसले पाहिजेत. आमच्यापैकी एकाची संमती आहे. दुसऱ्याचा विचार अजून चालू आहे.