कापसाचा बोळा

सुई बाहेर निघाली की लॅबवाला कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबतो. "हात दुमडून धरा." नवव्या वर्षापासून ऐकतेय.

पहिली फिट शाळेत प्रार्थनेच्या वेळी आली. डोळे उघडले तर कुणी कांदा फोडून नाकाशी धरलेला, चप्पल हुंगवून आधीच झालेली. मग फेनिटोइन सुरू झालं. फिट थांबल्या, हिरड्या मात्र सुजून दातांवर चढल्या. फोटोत ओठ मिटून हसायची सवय तेव्हाची.

कॉलेजात व्हॅल्प्रोएट आलं. १८८२ साली बनलेलं हे रसायन पुढे प्रयोगशाळेत नुसतं द्रावक म्हणून वापरायचे. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर एमार त्यात नवी औषधं विरघळवून तपासत होता. जे विरघळवावं ते फिट रोखू लागलं, तेव्हा उमगलं की गुण द्रावकाचाच! मला ही गोष्ट फार आवडायची. गोळीशी जरा सलगीच झाली होती म्हणा ना.

मग चुलतबहिणीच्या लग्नात कासाराने बांगड्या भरल्या. सकाळी मनगटाभोवती जांभळं कडं. "मेल्याचा हात आहे की पक्कड!" आत्या कासारावर उखडली. मला मात्र आठवलं, गेल्या खेपेला बोळा काढला तेव्हा तो निम्मा लाल होता.

रिपोर्टात प्लेटलेट ७२,०००. निदान दीड लाख हव्यात. यकृताचं एसजीपीटीही दुपटीवर. डोस वाढला की या गोळीने प्लेटलेट घसरू शकतात, डॉक्टर म्हणाले. यकृत निकामी होणं विरळा, त्यातही सर्वांत जास्त धोका दोन वर्षांखालच्या मुलांना. पण उलट्या, गुंगी, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर थांबायचं नाही, थेट यायचं. मी गोळ्या कचऱ्यात टाकायला निघाले होते. "एकदम बंद केलीत तर फिटांची रांग लागेल, ताई." त्यामुळे एक गोळी उतरवत, दुसरी चढवत काही आठवडे गेले.

आता लेव्हेटिरासेटाम आहे. ती यकृताला फारसं छळत नाही, बरीचशी लघवीवाटे निघून जाते. चिडचिड तेवढी घरच्यांच्या वाट्याला येते.

परवा लॅबमधला नवा मुलगा चिकटपट्टी लावायला आला. नको म्हटलं. पाच मिनिटांनी हात उघडला. बोळ्यावर मोहरीएवढा ठिपका.