प्रवाहाची कळ

महाडजवळच्या सव येथें जमिनींतून ऊन पाण्याचे झरे वाहतात. तेथें निसर्गानें कळ ठेवली नाहीं कीं राखणदार ठेवला नाहीं. परंतु मनुष्य तेंच सुख घरांत आणूं पाहतो, तेव्हां त्यास दोहोंचीही तजवीज करावी लागते. आमच्या बिरवाडीच्या घरीं पुतण्यानें आपल्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या, गुडघ्यांसाठीं ऊन पाण्याचें कुंड बसविलें आहे. हल्लीं त्यास हॉट टब म्हणतात.

आषाढांत एके दिवशीं पाणी तापेनासें झालें व फलकावर प्रवाह नसल्याची खूण दिसूं लागली. ह्या कुंडांत पंप पाणी खेचून हीटरच्या नळींतून फिरवितो. नळींत एक लहानसें पातें असतें. वाहतें पाणी त्यास ढकलतें, कळ जुळते आणि मगच हीटरला वीज मिळते. पाणी थांबलें कीं पातें मागें येतें व वीज तुटते. थांबलेल्या पाण्यांत हीटर तापत राहिला, तर नळी वितळण्याचें भय असतें.

बोलाविलेला मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, कळच बिघडली आहे. दोन तारा एकत्र जोडून देतों. पाणी लगेच तापेल.” दादांनाही तें पटलें. मीं मात्र नकार दिला. हनुमंतास मारावयास निघालेल्या रावणाला बिभीषणानें दूत अवध्य असल्याचें सांगितलें होतें. निरोप अप्रिय आहे एवढ्यानें दूत खोटा ठरत नाहीं.

मग क्रमानें शोध केला. कुंडांतील पाणी पुरेसें होतें, तोट्या उघड्या होत्या. गाळणी काढून पंप थोडा वेळ चालवितांच हीटर सुरू झाला. कळ खरेंच बोलत होती! काळ नदी तांबडी झाली कीं आमच्या नळाचें पाणीही गढुळतें. त्या गाळानें गाळणी तुंबली होती. ती धुवून बसवितांच काम झालें. हीटर तरीही लागला नसता, तर मुख्य वीज बंद करून पात्यावर क्षार बसला आहे काय, केस अडकला आहे काय, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें लागलें असतें.

वाचकहो, न जुळणारी कळ पहिल्याच दिवशीं कळते, कारण पाणी थंड राहतें. परंतु जुळून तशीच चिकटलेली कळ कसलीच तक्रार करीत नाहीं. पाणी ऊन असतें, घरचीं माणसें संतुष्ट असतात, आणि राखणदार मात्र झोंपलेला असतो. म्हणून पंप बंद असतां कळ खरोखर सुटते कीं नाहीं, हें मीटर लावून अधूनमधून तपासून घ्यावें. अतितापाची दुसरी कळ असते हें खरें. पण एक पहारेकरी जागा आहे म्हणून दुसऱ्याचे हातपाय बांधणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊं देऊं नये. मुलांसाठीं तें त्याहूनही कोमट असावें.

आतां कुंडांत उतरण्यापूर्वीं दादा स्वतःच विचारतात, “गाळणी धुतली काय रे?”