मानलेल्या बहिणी

मराठीत स्त्रियांच्या परस्पर-नात्यांना शब्दांची उणीव नाही. जाऊ, नणंद, भावजय, विहीण, सवत, सासू, सून. पण या शब्दांची यादी जरा सावकाश वाचली तर ध्यानात येते की यांतल्या प्रत्येक दोन स्त्रियांच्या मध्ये एक पुरुष उभा आहे. त्याच्यामुळेच त्या एकमेकींच्या कोणी तरी लागतात. मावशी आणि मावसबहीण या वाटेने येत नाहीत, परंतु त्याही जन्माने मिळतात, निवडीने नव्हे. निवडलेल्या नात्यासाठी आपल्याकडे एकच विशेषण आहे: ‘मानलेली’. सख्खी, चुलत, मावस, सावत्र या क्रमात मानलेली बहीण अगदी शेवटी येते, आणि तिची ओळख करून देताना स्वर नकळत थोडा खाली उतरतो. कारण या मानण्याला ना विधी, ना साक्षीदार. ते दोघींच्या मनावर चालते आणि बहुधा एकीच्या बदलीबरोबर संपते.

हेच मानणे एखाद्या समाजाने संस्थेच्या रूपात उभे केले तर? त्याला शपथ असेल, साक्षीदार असतील, नोंदवही असेल, वार्षिक वर्गणी असेल आणि ते नाते चाळिशीत किंवा पन्नाशीतही स्वीकारता येईल, तर त्याचे स्वरूप काय होईल? अमेरिकेच्या दक्षिणेतील एका शहरात शिकवण्याच्या निमित्ताने आम्ही दोघी बरीच वर्षे राहत आहोत. या प्रश्नाशी आमची गाठ पडली ती तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या ‘सोरॉरिटी’मुळे.

हा शब्द आपल्या वाचकांना भेटतो तो बहुधा हॉलिवुडच्या चित्रपटांतून. महाविद्यालयाशेजारचा एक भला मोठा बंगला, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली, मेजवान्या आणि रुसवेफुगवे. ‘सोरोर’ म्हणजे लॅटिनमध्ये बहीण. त्यावरून हा शब्द १८८२ साली सिरॅक्यूज विद्यापीठातल्या एका लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचवला असे सांगितले जाते. तोवर अशा मंडळांना ‘स्त्रियांची फ्रॅटर्निटी’ असे विचित्र नाव होते. गोऱ्या मुलींच्या या मंडळांची दारे कृष्णवर्णीय मुलींना बंद होती. म्हणून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली ‘अल्फा कॅपा अल्फा’, १९१३ साली ‘डेल्टा सिग्मा थीटा’ आणि १९२० साली ‘झीटा फाय बीटा’ या मंडळांची स्थापना झाली. लेखिका झोरा नील हर्स्टन या झीटाच्या सदस्य होत्या. चौथे मंडळ, ‘सिग्मा गॅमा ऱ्हो’, १९२२ साली इंडियानापोलिसमध्ये सात शिक्षिकांनी स्थापन केले. म्हणजे त्याचा जन्मच नोकरी करणाऱ्या, कमावत्या स्त्रियांच्या हातून झाला.

या मंडळांचे खरे आयुष्य महाविद्यालय सुटल्यावर सुरू होते. त्या काळी पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रिया मोजक्या होत्या. त्या गावोगावी पांगलेल्या, बहुतेक शाळामास्तरणी, आणि भोवतालच्या कायद्याने त्यांना उपाहारगृहापासून ग्रंथालयापर्यंत सर्वत्र बाहेर उभे केलेले. अशा स्त्रीला मैत्रिणीची गरज विसाव्या वर्षी असते त्याहून चाळिसाव्या वर्षी अधिक. म्हणून शहराशहरांत पदवीधरांच्या शाखा निघाल्या, आणि शिकताना जिला प्रवेश घेता आला नाही तिला पुढे कधीही, पदवी, शिफारसपत्रे आणि केलेल्या समाजकार्याचा दाखला यांच्या बळावर, अर्ज करण्याची सोय झाली. सदस्यत्व एकदा घेतले की ते आयुष्यभराचे असते.

प्रौढपणी या नात्यात आलेल्या स्त्रियांत आमच्या मते सर्वांत लक्षणीय नाव मेरी चर्च टेरेल यांचे. जन्म १८६३ चा, ओबर्लिन महाविद्यालयाची पदवी १८८४ ची. त्यांच्या विद्यार्थिदशेत कृष्णवर्णीय स्त्रियांचे असे एकही मंडळ अस्तित्वात नव्हते. १८९६ साली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय महासंघाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे असा आग्रह धरला जात असताना, जेमतेम दोन महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या डेल्टाच्या मुली त्या मिरवणुकीत उतरल्या. टेरेल त्यांच्याबरोबर चालल्या. पुढे त्या मंडळाच्या सन्माननीय सदस्य झाल्या, आणि १९१४ साली मंडळाची शपथ लिहिली ती त्यांनीच. विशीतल्या मुलींनी जन्मभर पाळायचे शब्द एका पन्नाशीच्या बाईने लिहावेत, यात आम्हाला या संस्थेचे सारे मर्म दिसते. त्या मुलींना पुढे काय सोसावे लागणार आहे हे तिला ठाऊक होते. अजून ठाऊक नव्हते ते त्यांना.

आता आमच्या मैत्रिणीविषयी. ती आमच्याच संस्थेत ग्रंथपाल आहे. तिने पदवी घेतली ती रात्रीच्या वर्गांत, दिवसा नोकरी आणि घरी दोन लहान मुले सांभाळून. मंडळे, बंगले, मेजवान्या यांतले तिच्या वाट्याला काहीही आले नव्हते. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, धाकटा मुलगा नोकरीला लागल्यावर, तिने एका मंडळाच्या शहर-शाखेत अर्ज केला. आम्ही तिला विचारले, “आता कशाला?” प्रश्न जरा आगाऊच होता. ती हसून म्हणाली, “तेव्हा मला बहिणी हव्या होत्या, पण वेळ नव्हता. आता वेळ आहे, आणि बहिणी अजूनही हव्याच आहेत.”

दीक्षाविधी गुप्त असतो. त्याबद्दल तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पण त्यानंतरचा बदल उघड दिसत होता. शाखेतल्या स्त्रिया एकमेकींना ‘सोरोर’ म्हणून हाक मारतात. न्यायाधीश असो, परिचारिका असो, निवृत्त मुख्याध्यापिका असो, संबोधन एकच. आम्हाला वारीची आठवण झाली. तिथेही माणूस जाणत्या वयात गळ्यात माळ घालून घेतो आणि भेटणारा प्रत्येक जण ‘माउली’ होतो. समोरच्याला दिलेले नाव एक असले की वागण्यालाही हळूहळू तसे वळण लागते.

एका हिवाळ्यात शाखेतल्या एक वृद्ध सदस्या वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते, भावंडे आधीच गेलेली. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीबरोबर आम्हीही गेलो. तीस-चाळीस स्त्रिया पांढऱ्या पोशाखात ओळीने उभ्या होत्या. त्यांनी आपल्या बहिणीला निरोप दिला, ती किती वर्षे त्यांच्यात होती ते मोठ्याने सांगितले, आणि मग दोघी-दोघी करून शवपेटीजवळून गेल्या. रुग्णालयात आळीपाळीने बसणे, घराची कागदपत्रे लावणे, मांजर कोणी न्यायचे ते ठरवणे, हे सारे त्यांनीच केले होते. आमच्या आज्यांच्या पिढीत बाईच्या तिरडीला खांदा कोण देणार याची चिंता तिच्या हयातीतच सुरू होई, आणि त्या उत्तरात कोणत्याही बाईचे नाव नसे. त्या रात्री गाडीत आम्ही दोघी फारशा बोललो नाही.

हे नाते केवळ आपापसांतल्या जिव्हाळ्यापुरते राहिले असते तर त्याला एवढे आयुष्य लाभले नसते. १९३५ ते १९४२ या काळातल्या उन्हाळ्यांत अल्फा कॅपा अल्फाच्या स्त्रिया डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली मिसिसिपीत आरोग्यसेवा देत होत्या. मळेवाले कुळांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात, तेव्हा त्यांनी दवाखाना आपल्या मोटारींत घालून मळ्यांवर नेला आणि मुलांना देवी व घटसर्पाच्या लसी टोचल्या. डेल्टाने १९३७ साली दक्षिणेतल्या पुस्तकांपासून वंचित भागांसाठी ग्रंथालय-योजना हाती घेतली. पॉला गिडिंग्ज यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या डेल्टाच्या इतिहासात या वाटचालीचा सविस्तर वेध घेतला आहे.

तरीही भाबडेपणाने पाहून चालणार नाही. ई. फ्रँकलिन फ्रेझियर या समाजशास्त्रज्ञाने ‘ब्लॅक बूर्झ्वाझी’ या ग्रंथात, ज्याची इंग्रजी आवृत्ती १९५७ सालची, कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेच्या हव्यासावर कठोर टीका केली, आणि त्यातून ही मंडळेही सुटली नाहीत. प्रवेशापूर्वी नवागतांचा छळ करण्याची चाल इतकी बळावली की १९९० साली या संघटनांना उमेदवारीची जुनी पद्धतच अधिकृतपणे बंद करावी लागली. आणि मूळ आक्षेप तर उरतोच: जिथे पदवीची अट आहे तिथे शिक्षिकेला बहीण मिळते, त्याच शाळेत फरशी पुसणारीला मिळत नाही. भगिनीभावाला दार असावे का?

या प्रश्नाला आपल्या हळदीकुंकवाच्या उंबरठ्यावर उभे करून पाहावे. तिथे पदवीची अट नाही, शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावणे असते. पण नवरा गेलेली बाई त्या यादीतून गळते. तिचे त्या बैठकीतले स्थान नवऱ्याच्या हयातीवर अवलंबून होते हे तिला त्या दिवशी कळते. पलीकडच्या दारावर निदान तिने स्वतः मिळवलेली गोष्ट मागितली जाते, आणि एकदा आत आल्यावर कोणाच्याही मृत्यूने ती बाहेर पडत नाही. दोन्ही दारेच. परंतु दोन दारांत फरक करता येतो, आणि तो करावा असे आम्हाला वाटते. शोधायला गेल्यास आपल्याकडेही तिसरी वाट होती. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा त्या स्वतः चोवीस वर्षांच्या विधवा होत्या. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या आणि परतल्यावर तिथल्या लोकस्थितीवर मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात स्त्रियांच्या संघटित कार्याकडे त्यांनी किती असोशीने पाहिले आहे हे आजही जाणवते.

राहता राहिला आमचा प्रश्न. या मंडळांत कोणी कोणाला ‘ये’ म्हणत नाही. इच्छा असणारीनेच अदबीने बोलायचे असते. आमच्या मैत्रिणीने म्हणूनच आम्हाला कधी विचारलेले नाही. वंशाची अट नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जो इतिहास आमच्या आज्यांनी सोसला नाही त्याची मुलगी म्हणवून घ्यावे का, यावर आम्हा दोघींचे एकमत होत नाही. एकीचे म्हणणे, १९६५ च्या ज्या कायद्याने आपल्यासारख्यांना या देशाचे दार उघडले तो नागरी हक्कांच्या लढ्याच्याच वातावरणात झाला, तेव्हा देणे तर आहेच. दुसरीचे म्हणणे, देणे आहे म्हणून तर आधी ते फेडावे, नाते नंतर मागावे. सध्या दुसरीच्या मताने चालले आहे. शाखेचा तिसरीच्या मुलांसाठी शनिवारी वाचनवर्ग असतो. खुर्च्या मांडायला आम्हाला सकाळी नऊला बोलावले आहे.