ओसरी आणि माजघर

शेजारणीने वाटीभर साखर मागितली असता नाही म्हणावे, असे आपल्याकडे कोणत्याही गृहिणीच्या मनात येत नाही. मग शेजाऱ्याने आपल्या बिनतारी इंटरनेटचा पासवर्ड मागितला, की उदार मनुष्यही क्षणभर का अडखळतो? हा निव्वळ कृपणपणा होय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्या अडखळण्यात शहाणपणाचाच अंश अधिक दिसतो. साखर दिली की वाटी परत येते आणि व्यवहार संपतो. परवलीचा शब्द एकदा उंबरठ्याबाहेर पडला की परत येत नाही. शेजाऱ्याकडून त्याच्या मेहुण्याकडे व मेहुण्याकडून त्याच्या मित्राकडे तो बिनबोभाट जातो.

घर म्हणजे चार भिंती, ही आपली जुनी कल्पना राउटर नावाच्या चिमुकल्या पेटीने खोटी ठरविली आहे. तिच्या लहरी भिंतींना जुमानीत नाहीत. जिन्यात, रस्त्यावर, समोरच्या बिऱ्हाडात त्या खुशाल हिंडतात. ही अदृश्य सीमा बेवारस राहिली म्हणजे काय घडते, ते २००८ साली दिसून आले. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे निघालेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचले. ई-मेल त्याने पाठविलाच नव्हता. त्याच्या घरची बिनतारी जोडणी कोणी परस्पर वापरली होती!

बंदोबस्त तसा अवघड नाही. या पेटीला दोन कुलुपे असतात, आणि पुष्कळ लोक एकच लावून स्वस्थ झोपतात. इंटरनेटला जोडून घेण्याचा पासवर्ड हे एक. पेटीचीच व्यवस्था बदलण्याचा पासवर्ड हे दुसरे. कारखान्यातून येताना हे दुसरे कुलूप कित्येकदा ‘अ‍ॅडमिन’सारख्या जगजाहीर किल्लीने उघडते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असल्या साठेक ठरावीक किल्ल्या लावून पाहतच लाखो कॅमेरे व राउटर आपल्या कह्यात घेतले. तेव्हा ती किल्ली प्रथम बदलावी. संदेश गुप्त राखण्याची १९९७ सालची ‘डब्ल्यूईपी’ पद्धत २००१ सालीच निकामी ठरली. म्हणून ‘डब्ल्यूपीए-३’, निदान ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावी. पासवर्ड लांबलचक असावा, आणि पेटीतील प्रोग्रॅमच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात.

पण शेजाऱ्याचे काय? येथे मला आपल्या जुन्या वाड्यांची रचना आठवते. दार सर्वांना उघडे असे, पण सर्वांना सारखेच उघडे नसे. वाटसरू ओसरीवर टेकत असे, आप्त माजघरापर्यंत येत, आणि देवघरात सोवळ्याशिवाय घरच्यांनाही प्रवेश नसे. बहुतेक नव्या राउटरांत पाहुण्यांसाठी अशीच एक निराळी जोडणी करता येते. तिच्यावरून आलेल्याला इंटरनेट मिळते; घरातील संगणकांना व त्यांतील कागदपत्रांना मात्र त्याचा हात सहसा पोहोचत नाही. तिचा शब्द दर महिन्याला बदलला तरी घरच्या कोणाचा खोळंबा होत नाही.

अर्थात ओसरीवर कोणी आगळीक केली, तर पोलीस प्रथम दार ठोठावणार ते घरधन्याचेच. म्हणून तेथेही ओळखीचाच मनुष्य बसवावा. आतिथ्य आणि सावधपणा यांचे वैर आहे, असे मानण्याचे मात्र कारण नाही. ज्याच्या माजघराला कडी आहे, त्यालाच ओसरी मोकळ्या मनाने उघडी ठेवता येते.