घरापुढचं लॉन आणि कलिंगडाचा प्लॉट

आज पिकाचं नाही, घरापुढच्या मोकळ्या जागेचं लिहितोय. पण गाडी शेवटी पिकावरच येणार.

आमच्या सांगोला भागात डाळिंबाच्या पैशानं वस्तीवस्तीवर बंगले झाले. बंगला झाला की पुढं पेव्हिंग ब्लॉक आणि लॉन आलंच. आमच्या पोरानंही गुंठाभर लॉन करायचं काढलं. हौस आहे, त्यात वावगं काही नाही. मी फक्त हिशेब मांडला. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला रोज ५ मिलिमीटर तरी लागतंच. म्हणजे दिवसाला ५०० लिटर. तेवढ्यात मे महिन्यात ठिबकवर डाळिंबाची दहाएक मोठी झाडं निघतात. आणि एवढं पाणी पिऊन त्या गवतावर ना फूल, ना मधमाशी.

मग तोड काढली. दारापुढं पाव गुंठा गवत, तेही बांधावरच्या हराळीचं. जिच्या काशा वेचून कंबर मोडते, ती विकत कशाला आणायची? खेळायला नातवंडांना तेवढी जागा पुष्कळ होते.

उरलेल्या जागेत वर्षभर काही ना काही फुललेलं राहील, एवढंच बघितलं. कडेला शेवगा, अडुळसा, एक कडुलिंब, एक बहावा. मधे तुळशी, पण मंजिऱ्या खुडायच्या नाहीत. जास्वंद आणि झेंडू एकेरी पाकळीचे, गावठी. गच्च पाकळ्यांचं फूल दिसतं मोठं, पण माशीला आतपर्यंत जाता येत नाही. एका वाफ्यात धने आणि शेपू फुलावर सोडलेत. त्या बारीक फुलांवर लेडीबर्ड आणि सिरफिड माशी येते. सिरफिडच्या अळ्या मावा खातात, लेडीबर्ड तर अळी आणि भुंगेरा दोन्ही रूपांत खातो. एक कोपरा उघड्या मातीचा ठेवलाय, कारण एकट्या राहणाऱ्या बऱ्याच रानमाश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. तिथं ब्लॉक बसवले की त्यांचं घर गेलं.

आता कलिंगड. आपली लागण जानेवारीत, फूल फेब्रुवारी-मार्चला. मादी फूल एकच सकाळ उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात माशी पुन्हा पुन्हा बसली तर फळ भरतं, नाही तर वाकडं राहतं किंवा गळतं. त्या सकाळी माशी कुठून येणार? ती आधीपासून जवळपास जगलेली असावी लागते. डिसेंबर-जानेवारीत तिला खायला शेवगा, तुळस, धने पाहिजेत आणि कलिंगड उठल्यावर एप्रिल-मेला कडुलिंब, बहावा. प्लॉट दोन महिन्यांचा, माशीचं पोट बारा महिन्यांचं. म्हणून मी अंगणाला शेताचाच तुकडा धरतो.

घरातल्यांची शंका सापाची होती, आणि ती खोटी नाही. आमच्याकडं घोणस आहे. साप येतो उंदरामागं. म्हणून धान्य झाकणाच्या कोठीत, सरपण आणि विटांचा ढीग भिंतीपासून लांब, दारापुढचं गवत बुटकं, दाट झुडपं घरापासून पंधरा-वीस फुटांवर. रात्री बॅटरी घेतल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही.

पाखरांना पाणी उथळ भांड्यात, दोन इंच खोल, आत एखादा दगड, म्हणजे माशीलाही टेकता येतं. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचंच, नाही तर डास होतात.

सगळंच लावा असं नाही. घाणेरीची फुलं छान दिसतात, पण ती रान व्यापते. डाळिंबवाल्यांनी अंगणात पेरू लावताना विचार करा, कारण डाळिंब पोखरणाऱ्या अळीचं फुलपाखरू पेरूवरही अंडी घालतं. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसेल. रोपवाटिकेत ती कीडच आहे, तिथं बंदोबस्त करा. अंगणातल्या मोठ्या झाडाची चार पानं खाल्ली तर खाऊ द्या, तिचंच पुढं पिवळं-काळं फुलपाखरू होतं.

आणि एक. अंगणात माश्या सांभाळायच्या आणि प्लॉटवर फुलोऱ्यात सकाळी इमिडाक्लोप्रिड मारायचं, हे एका घरात चालत नाही. फुलोऱ्यात ते औषध टाळा. दुसरं मारायचीच वेळ आली तर माशीला कमी घातक बघून, दिवस मावळताना मारा.

तुमच्या घरापुढं डिसेंबर-जानेवारीत काय फुलतं ते खाली लिहा. कोरडवाहूत पाण्याशिवाय टिकणारं एखादं असेल तर मला बी पाहिजे.