कडेवरचे नाव

नसरापूरच्या बनेश्वराच्या देवळातल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. धातू तेवढेच सांगतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांना वाहिल्या गेल्या आणि त्यांतली एक पुढे नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या या देवळात आली, ही हकीकत आपल्याला देवळामुळे, गावामुळे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आठवणीमुळे ठाऊक आहे. मेणवलीची घंटा किंवा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा यांचेही तसेच. त्या जागेवर राहिल्या म्हणून त्यांची गोष्ट शाबूत राहिली. बनेश्वराची घंटा उद्या बाजारात गेली, तर क्रूस आणि साल कायम राहूनही ती कुठलीशी जुनी युरोपीय घंटा एवढीच उरेल. जुनी लष्करी पदके आणि बिल्ले जमवणाऱ्या आम्हा मंडळींनी या घंटेकडे नीट पाहावे असे मला वाटते. अशा वस्तूची निम्मी ओळख धातूवर असते आणि निम्मी ती ज्या घरात होती त्या घरात. आमचा छंद पहिली निम्मी वाचायला फार चांगले शिकवतो. दुसरी मात्र आमच्याच हातून पुष्कळदा पुसली जाते.

आधी धातूचे पाहू, कारण तिथे खरोखर कौशल्य लागते. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल हातात घेतले की नवखा माणूस पंचम जॉर्जचा मुखवटा पाहतो आणि मग उलटून मागचा घोडेस्वार. ही दोन्ही चित्रे ६० लाखांहून अधिक पदकांवर सारखीच आहेत. पाहायची ती कड. ३६ मिलिमीटर व्यासाच्या त्या चकतीच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटवलेली असते. बॅटरीचा उजेड समोरून टाकू नये, आडवा टाकावा. मग झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली बसते आणि नाव वर येते. हिंदी पलटणींच्या पदकांवरची अक्षरे ब्रिटिश पलटणींच्या पदकांहून वेगळ्या ठेवणीची असतात, ती डोळ्यांत बसायला शेकडो कडा पाहाव्या लागतात. नाव खरडून दुसरे नाव घातलेले असेल तर कड तेवढ्या भागात किंचित बसते आणि व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी व्यास मोजला की चोरी उघडी पडते. म्हणून पदक चिंच लावून घासणे हा मी गुन्हाच मानतो. काळेपणा जातो, त्याबरोबर अक्षरांची धारही जाते.

धातूही बोलतो. हेच पदक लढाऊ शिपायाला चांदीचे मिळाले, तर मजूर दलांतल्या हजारो माणसांना काशाचे. काशाच्या पदकाला सराफाकडे किंमत नाही, त्यामुळे ते भंगारात जाते. आणि ज्या माणसाबद्दल कागदोपत्री सर्वांत कमी लिहिले गेले त्याचाच पुरावा आधी नाहीसा होतो. बिल्ल्यांची परीक्षा आणखी वेगळी. खांद्यावरच्या पितळी अक्षरांत १०३, ११० किंवा ११७ असा आकडा असेल तर तो बिल्ला १९२२ पूर्वीचा, कारण त्या साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली. या पलटणीच्या बिल्ल्यावरच्या रणशिंगावर राजमुकुट असेल तर प्रजासत्ताकाच्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता; पुढे मशिनगनी आल्या आणि स्तंभाची जागा कट्यारीने घेतली. तेव्हा स्तंभ असलेला बिल्ला कोणत्या मोजक्या वर्षांतला, हे क्षणात सांगता येते. एक सावधगिरी मात्र हवी. ठशाखाली दाबून काढलेला बिल्ला खरा आणि ओतीव बिल्ला नकली, हा विलायती पुस्तकांतला नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे युद्धकाळात स्थानिक कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले बिल्ले खऱ्या शिपायांनी खऱ्या टोप्यांवर लावले आहेत.

एवढे वाचता आले की संग्राहकाला वाटते, ओळख पटली. माझा मतभेद इथे आहे. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळे असते. गाव नसते आणि वडिलांचे नावही बहुधा नसते. समजा, कडेवर शिपाई रामा जाधव, ११० मराठा, असे आहे. हा रामा वेल्ह्याच्या खोऱ्यातला की जावळीतला की महाडकडचा? मराठा पलटणींत दख्खनी आणि कोकणी दोन्हीकडची माणसे होती. इंग्रजी कारकुनाने कानाला लागले तसे नाव लिहिले, त्यामुळे ते जाधवच होते की आणखी काही, हाही प्रश्न उरतो. या रामाची पलटण मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात होती. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे अडकल्या, उपासमार सोसली आणि शेवटी तुर्कांच्या कैदेत गेल्या. मेसोपोटेमियात पडलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले, पण त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली आणि बहुसंख्य हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव कबूल केला. आपल्या गावोगावच्या शिळाही तशाच: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, इतके मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली, हे आपण अभिमानाने सांगतो, पण तोही आकडाच. साम्राज्याने साध्या मराठी शिपायाचे नाव धातूत उमटवून त्याच्याच हाती दिले ते या एका कडेवर. ते नाव घराला जोडलेले राहिले तरच तो अमुक माणूस. घरापासून तुटले की तो पुन्हा गर्दीतला एक.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत तर घराचाच आधार. यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजवलेला पराक्रम व्हिक्टोरिया क्रॉसमुळे जगाला कळला. पण इटलीत लढलेल्या सर्वांना मिळालेला इटली स्टार एकसारखा, आणि हे तारे पुष्कळदा नावाविनाच सापडतात. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यापासून तोरण्याच्या पायथ्यापर्यंतच्या एखाद्या घरातल्या डब्यातला असा तारा त्या घरात आहे तोवर कुणाच्या तरी आजोबांचा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात पोहोचल्यावर त्याला कुणीही काहीही किंमत लावू शकतो, ओळख मात्र कुणीच लावू शकत नाही.

यावर संग्राहक म्हणतील, आम्ही घेतली नसती तर ही पदके मुशीत गेली असती. हे खरे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. वॉर मेडलमध्ये तीन तोळ्यांच्या आसपास चांदी असते, आणि १९७९-८० साली चांदी भडकली तेव्हा जगभर अशी असंख्य पदके वितळली. वितळण्यापेक्षा विकले जाणे बरे, यात वाद नाही. पण विकत घेताना विक्रेत्याला गाव, आडनाव, नाते विचारायला आणि ते कागदावर लिहून पदकाबरोबर ठेवायला पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही. वाचवले म्हणणाऱ्याने निम्मेच का वाचवावे? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: परक्या राजाच्या लढाईतली ही बक्षिसे, ती जपायची कशाला? १८५१ मध्ये दिलेल्या आर्मी ऑफ इंडिया मेडलच्या पट्ट्यांवर खडकी, असई, कोरेगाव, महिदपूर अशी आपल्याच रणांगणांची नावे आहेत, आणि ती वाचताना बोचते हे मीही मान्य करतो. मात्र राजाचा मुखवटा पुढच्या बाजूला आहे, कडेवर शिपाई आहे. राजा चुकीचा होता म्हणून मावळातून कूतपर्यंत गेलेल्या माणसाचे नाव पुसावे, हा न्याय मला पटत नाही. ते नाव पुसण्याचे काम बसऱ्याच्या भिंतीने आधीच पुरेसे केले आहे.

तेव्हा भोर-वेल्ह्याकडच्या, आणि खरे तर कुठल्याही, वाचकाला माझी विनंती आहे. घरात पणजोबांचे मेडल किंवा बिल्ला असेल तर तो घासू नका, फीत काढू नका. आडव्या उजेडात कडेचा फोटो काढा, कडेवर नाव नसेल तर मागच्या बाजूचा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून त्या शिपायाचे पूर्ण नाव, गाव, वाडी, पलटण आणि आठवेल ते सगळे मराठीत लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद त्याच डब्यात ठेवा. विकायचेच ठरले तर कागदाची एक प्रत घेणाऱ्याच्या हातात द्या आणि एक आपल्याकडे ठेवा. हे काम आजी-आजोबा आहेत तोवरच होण्यासारखे आहे.