शाई आणि पाणी

सौभाग्यवतींच्या हातावर उकळते तेल सांडले, तेव्हा एम. ए. झालेल्या आम्ही त्यावर शाई ओतली! इंदूरच्या रुग्णालयात ती पुसताना परिचारिका एवढेच म्हणाल्या, "सर, आधी २० मिनिटे हात नळाखाली धरायचा. शाईने जखमेची खोली कळत नाही."

पुढे मांडीची पातळ त्वचा हातावर बसविली. पाच दिवस हात उशीवर उंच आणि निश्चल. कलम हलले तर रुजत नाही. नवल असे की, हातापेक्षा मांडीच अधिक ठणके. पट्टी सोडण्यापूर्वी त्या वेदनाशामक देत, पट्टी भिजवीत, मगच हळुवार सोडवीत.

नव्या त्वचेला स्वतःची स्निग्धता नसते; म्हणून आम्ही रोज त्या हाताला हलकेच खोबरेल लावतो. प्रथमोपचाराच्या तासाला मात्र आमचीच चूक सांगतो.